मोत माउलीची जत्रा आणि आजीच्या कपाटातला मेणाचा पाय

शेवंतीची_वेणी
२६ ऑगस्ट, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. इथे वाचत असते बरीच वर्षं, धागा मात्र पहिल्यांदाच काढते आहे.

माझी आजी यंदा माघात गेली. गिरगावातली, खोताच्या वाडीजवळच्या चाळीत सारा संसार झालेली. सोवळं-ओवळं पाळणारी, चतुर्थ्या करणारी. पण दर सप्टेंबरात एक दिवस ती चर्नीरोडहून गाडी पकडून वांद्र्याला जायची, मोत माउलीला, म्हणजे टेकडीवरच्या माउंट मेरीला. शेजारच्या वाडीतल्या एका ख्रिस्ती मावशींनी तिला पहिल्यांदा नेलं होतं. कारण मी. दोन वर्षांची झाले तरी पाऊल टाकत नव्हते. डॉक्टर झाले, मालिश झालं, काही होईना. मग त्या मावशी आजीला म्हणाल्या, "चल माज्यासंगती, माउलीला सांगू."

आजीनं बोलून ठेवलं की पोर चालायला लागली तर दर वर्षी मेणाची पावलं वाहीन. मी त्याच दिवाळीत चालले. तेव्हापासून आजीनं एकही वर्ष चुकवलं नाही. गणपती घरात असले तरी जायची. एकदा गौरी जेवून गेल्या आणि ही संध्याकाळी पदर खोचून वांद्र्याला निघाली, ते मला अजून आठवतं. २०१९ ची जत्रा तिची शेवटची. नंतर दोन वर्षं करोनामुळे जत्राच भरली नाही, आणि मग तिचे गुडघे जिना उतरण्याचेही राहिले नाहीत.

मागच्या महिन्यात तिचं कपाट आवरलं. लुगड्यांच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेला मेणाचा एक पाय निघाला. कागद सप्टेंबर २०१९ चा आहे. म्हणजे शेवटच्या खेपेला घेतला आणि वाहिला नाही, घरी आणला. का, ते विचारायला आता ती नाही.

यंदा मी जायचं ठरवलं आहे. लहानपणी तिच्या बोटाला धरून गेले होते तेवढंच, त्यामुळे काहीच नीट माहीत नाही. जत्रा नक्की कधी असते? वाट कशी? आम्ही ख्रिस्ती नाही, तर कसं वागायचं? या देवळाची मूळ कथा काय? आणि मुख्य म्हणजे, सहा-सात वर्षं कपाटात राहिलेला हा पाय आता वाहावा का?

-----

चिंबईकर
२६ ऑगस्ट, रात्री ११.३०

ताई, आजींच्या आत्म्याला शांती लाभो. मी वांद्र्याचाच, चिंबई गावातला. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे ख्रिस्ती. घरात मराठी बोलतो आणि चर्चला आजही 'देऊळ'च म्हणतो, त्यामुळे तुम्ही देऊळ लिहिलंत ते वाचून बरं वाटलं.

आधी कामाचं. माउलीचा सण ८ सप्टेंबरचा, तो मारिया मातेचा जन्मदिवस. त्याच्या आधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना असते. जत्रा सुरू होते ८ तारखेनंतरच्या रविवारी आणि आठवडाभर चालते. मिस्सा, म्हणजे देवळातल्या उपासना, पहाटेपासून रात्रीपर्यंत लागोपाठ असतात. इंग्रजी, कोकणी, मराठी, हिंदी, तमिळ अशा वेगवेगळ्या भाषांत. मराठी मिस्साची वेळ देवळाबाहेरच्या फलकावर बघून घ्या.

वांद्रे स्टेशनच्या पश्चिमेला उतरा. जत्रेत बेस्ट जादा बस सोडते. पण ताई, निदान शेवटचा चढ तरी पायी चढा. टेकडी काही उंच नाही, समुद्रापासून पाऊणशे-ऐंशी मीटर असेल. पायऱ्यांनी चढलात तर मागे वळून समुद्र दिसतो. माझा बापूस सांगायचा, पूर्वी खाली होडी लावून कोळी मंडळी इथूनच वर जायची, ओल्या पायांनी.

'मोत' म्हणजे काय, हे पुष्कळ जण विचारतात. पोर्तुगीज भाषेत डोंगराला 'मोन्ते' म्हणतात. त्याचं आमच्या तोंडी झालं मोत, कुणाच्या तोंडी मत. आणि माउली तर आपलीच. म्हणजे डोंगरावरची आई. इंग्रजांनी माउंट मेरी म्हटलं, ते नाव पाटीवर राहिलं. आमच्या घरात ते कुणी म्हणत नाही.

वागण्याचं विचाराल तर मंदिरात जाता तशाच जा. चपला काढायची सक्ती नाही, पण पुष्कळ बायका काढतात. रांगेत उभं राहायचं, वर माउलीसमोर क्षणभर थांबायचं, फुलं आणि मेण द्यायचं. मेणबत्त्या पेटवायला बाहेर वेगळी जागा आहे. प्रसाद म्हणून मिस्सात जी पवित्र भाकर देतात ती मात्र फक्त बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांनी घ्यायची असते, एवढं एक ध्यानात ठेवा. बाकी कुठेही कुणी अडवणार नाही. समोर रस्ता ओलांडून जिना चढून गेलात की फातिमा मातेचं छोटं स्थान आहे, तिथेही जाऊन या.

पायाबद्दल सकाळी लिहितो, जरा विचार करून.

-----

रानवाट
२७ ऑगस्ट, सकाळी ९.०५

छान धागा. मूळ कथेबद्दल मला जे ठाऊक आहे ते लिहितो. मी इतिहासाचा विद्यार्थी आणि या टेकडीनं मला फार विचार करायला लावला आहे.

सोळाव्या शतकात जेझुइट पाद्री पोर्तुगालहून मारियेची मूर्ती घेऊन आले आणि टेकडीवर एक साधं छोटं प्रार्थनाघर बांधलं, ही सुरुवात. पुढे, साधारण १७०० च्या सुमारास, अरब चाचे टेकडीवर चढून आले आणि मूर्तीचा उजवा हात तोडून घेऊन गेले, अशी परंपरा आहे.

त्यानंतरचा भाग आपल्या इतिहासाशी थेट जोडलेला आहे. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी, म्हणजे मुंबई बेटाच्या उत्तरेचं बेट, घेतली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. वांद्रे म्हणजे साष्टीचं दक्षिण टोक. खाडीपलीकडे माहीम, आणि ते इंग्रजांचं. वांद्र्याच्या पक्क्या इमारती मराठ्यांच्या हाती पडल्या तर समोर माहीमला धोका, या धास्तीनं इंग्रजांनी पोर्तुगिजांना त्या पाडून टाकायचा सल्ला दिला. त्यात खालचा आग्वादचा किल्लाही सुरुंगाला लागला आणि टेकडीवरचं देऊळही पडलं. म्हणजे देऊळ मराठ्यांनी पाडलं असं जे सरसकट सांगितलं जातं, ते खरं नाही.

आणि ज्या गोष्टीपाशी मी दर वेळी थांबतो ती ही: टेकडीवर देऊळ पुन्हा उभं राहिलं ते १७६१ मध्ये. हे साल आपण पानिपताचं म्हणून ओळखतो. इंग्रजांनी साष्टी घेतली ती १७७४ च्या अखेरीस, सालबाईच्या तहानं १७८२ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झालं. म्हणजे मधली पस्तीस वर्षं वांद्रे मराठ्यांच्या अमलाखाली होतं, आणि मोत माउली आपल्या टेकडीवर परत आली ती पेशवाईत. शाळेच्या पुस्तकात वसईच्या घंटा आपल्याला भेटतात, भीमाशंकरला आणि मेणवलीला त्या आजही टांगलेल्या आहेत. ही टेकडी मात्र भेटत नाही.

आजची दगडी इमारत १९०४ ची, वास्तुविशारद शापूरजी चंदाभॉय, म्हणजे पारशी. १९५४ मध्ये पोप बारावे पायस यांनी तिला बॅसिलिकाचा, म्हणजे खास मानाच्या चर्चचा दर्जा दिला.

-----

चिंबईकर
२७ ऑगस्ट, सकाळी ९.५०

रानवाट, उत्तम लिहिलंत. त्यात आमच्या गावची गोष्ट घालतो, कारण तिच्याशिवाय माउलीची कथा पुरी होत नाही.

देऊळ नव्हतं त्या काळात एका कोळ्याला स्वप्न पडलं की समुद्रात तुला मूर्ती सापडेल. तो होडी घेऊन गेला आणि खरंच लाटांवर तरंगणारी मूर्ती त्याच्या हाती आली. ती खाली सेंट अँड्र्यूच्या देवळात ठेवली. खलाशांची, दर्यावर्द्यांची माता म्हणून तिची पूजा झाली. पुढे टेकडीवर देऊळ परत बांधलं तेव्हा जुन्या मूर्तीची डागडुजी करून तिला वाजतगाजत वर नेलं. तुटलेल्या हाताच्या बाजूला आता बाळ येशू आहे.

कागदपत्रं काय म्हणतात ते रानवाटांनी सांगावं. आमच्या गावात ही गोष्ट आजी नातवाला सांगते, आणि सांगताना समुद्राकडे बोट दाखवते.

-----

माहीमची_फाटक
२७ ऑगस्ट, दुपारी १२.१५

खाडीच्या अलीकडची म्हणून एक भर. आज पाच मिनिटांत ओलांडतो ती माहीमची खाडी पूर्वी होडीनं ओलांडावी लागायची आणि पावसाळ्यात ते जिवावरचं असायचं. सप्टेंबर म्हणजे पावसाळाच. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी स्वतःच्या पैशातून १,५७,००० रुपये दिले आणि अट घातली की या वाटेवर कुणाकडूनही टोल घ्यायचा नाही. १८४५ मध्ये माहीमचा बांध-रस्ता खुला झाला. लेडी जमशेटजी रोड हे नाव त्यांचंच.

मुंबई बेटावरचा भाविक कोरड्या पायांनी मोत माउलीला पोचू लागला तो तेव्हापासून. बसमध्ये बसून कॉजवे ओलांडताना मी दर वर्षी अवाबाईंना मनात हात जोडते.

-----

साचा_आणि_वात
२७ ऑगस्ट, दुपारी ३.३०

ताई, एक विचारते. तो पाय कसा आहे? एकच की जोडी? पाऊल आहे की वरपर्यंत? विचारायचं कारण आहे. आमच्या घरी तीन पिढ्या जत्रेला मेणाचं सामान होतं, मी लहानपणापासून साचे भरले आहेत.

-----

शेवंतीची_वेणी
२७ ऑगस्ट, रात्री ९.१०

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं काही मिळेल असं वाटलं नव्हतं. रानवाट, १७६१ चं वाचून मी बाबांनाही वाचून दाखवलं.

साचा_आणि_वात, आत्ता काढून बघितला. एकच आहे. उजवा. पावलापासून मांडीपर्यंत, साधारण वीतभर. पिवळट पांढरा झाला आहे. गुडघ्याची वाटी नीट उठून दिसते.

-----

साचा_आणि_वात
२७ ऑगस्ट, रात्री ९.४५

मग ताई, तो तुमच्यासाठीचा नाही.

आमच्याकडे तरी असं होतं. मूल चालावं म्हणून येणारी बाई पावलांची जोडी मागायची, लहान, तळहातावर मावतील अशी. कुणी अख्खं मेणाचं बाळ घ्यायचं. एकच पाय, मांडीपर्यंतचा, हा दुखण्याचा. ज्याचा जो दुखतो तो, उजवा की डावा सांगून घ्यायचे. तसंच हात, डोळे, पोट, छाती. घर हवं असेल तर मेणाचं घर. नोकरी, गाडी, विमान, हल्ली परदेशी शिक्षणासाठीसुद्धा मागतात.

साचे दोन भागांचे असतात. घट्ट बांधायचे, वितळलेलं मेण ओतायचं, थंड झालं की उघडून कडेचं जास्तीचं मेण सुरीनं तासायचं. गुडघ्याची वाटी उठून दिसते म्हणालात ना, तो चांगल्या साच्यातला माल. घाईच्या साच्यात गुडघा सपाट येतो.

तुमच्या आजींचा कुठला गुडघा दुखायचा?

-----

शेवंतीची_वेणी
२७ ऑगस्ट, रात्री १०.२०

उजवा.

उद्या लिहिते.

-----

वाडवळ_वसई
२८ ऑगस्ट, सकाळी ७.३०

काल रात्री वाचत होतो, शेवटच्या प्रतिसादापाशी थांबलो. ताई, सावकाश लिहा.

वसईकडचं सांगतो तोवर. आमच्या गावातून मोत माउलीला जाणं म्हणजे अख्ख्या आळीचा कार्यक्रम. पहाटेची गाडी, बायकांची जपमाळ डब्यातच सुरू, आणि येताना हातात भाजलेल्या चण्यांच्या आणि खाज्याच्या पुड्या. आमच्याकडे नवस बोलताना 'दे' म्हणत नाहीत, 'तुझ्या पदरात घातलं' म्हणतात. माझी आजी आयुष्यभर लाल लुगड्यात गेली. मराठीतच बोलायची माउलीशी, दुसरी भाषा तिला येतच नव्हती.

हे मुद्दाम लिहितो, कारण ऑफिसात अजूनही लोक विचारतात, "तुम्ही ख्रिश्चन, मग मराठी इतकं चांगलं कसं?" आमची मातृभाषा तीच आहे हो. ईस्ट इंडियन हे नावसुद्धा १८८७ मध्ये घेतलं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा. इंग्रज सरकारच्या नोकऱ्यांसाठी गोव्याहून आणि मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती लोकांत मूळ इथले कोण, हे वेगळं कळावं म्हणून. नाव इंग्रजी पडलं, माणसं इथल्याच मातीतली.

-----

हरेगावची_लेक
२८ ऑगस्ट, सकाळी ११.००

मत माउली हा शब्द बघून धावत आले. आमच्या नगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते, तीही याच दिवसांत. तिथे डोंगर नाही. सपाट उसाचा मुलूख, एके काळचं साखर कारखान्याचं गाव. पण नावात डोंगर आलाच, वांद्र्याच्या माउलीचा.

नगर, नाशिक, संभाजीनगर, पार पुण्यामुंबईकडूनही लोक येतात. आमच्या लहानपणी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून माणसं यायची. चूल मांडून तिथेच स्वयंपाक, रात्रभर भजनं, टाळ आणि ढोलकी. पायी येणाऱ्यांच्या दिंड्याही असतात. बायका नवस फेडायला लोटांगण घालत येतात. आमचे पूर्वज ज्या वस्त्यांतून आले त्यांना गावच्या देवळाच्या पायरीला हात लावायची मुभा नव्हती. इथे त्यांना आईच्या पायापर्यंत जाता आलं. मला हरेगावच्या गर्दीत दर वर्षी हेच आठवतं, आणि डोळे भरून येतात.

ताई, आजींनी तुमच्यासाठी इतकी वर्षं पायपीट केली. तो पाय वाहाच.

-----

कुडाळदेशकर
२८ ऑगस्ट, दुपारी १.४०

माझं थोडं वेगळं मत आहे, राग नसावा. नवस ज्याचा त्यानं फेडायचा असतो. माणूस गेला की त्याचा नवसही त्याच्याबरोबर गेला, असं आमच्या घरी मानतात. तो पाय ही आजींची आठवण आहे. त्यांनी तो मुद्दाम परत आणला असेल, तर तो घरातच राहू द्यावा. त्यांनी जे मागितलं नाही ते आपण का मागावं?

-----

साचा_आणि_वात
२८ ऑगस्ट, दुपारी २.३०

कुडाळदेशकर, तुमचं म्हणणं समजतं. पण मेणाचा पाय नवस फेडायलाच वाहतात असं नाही. मागतानाही वाहतात. आधी वाहायचा आणि म्हणायचं, इथे दुखतंय, तू बघ. आजींनी विकत घेतला म्हणजे मागायचं मनात होतंच. वर गेल्यावर त्यांना ते जमलं नसेल.

आणि मेण घरात फार दिवस राहत नाही. उन्हाळ्यात वाकतं, मऊ पडतं. देवळात वाहिलेलं मेण गोळा होतं, वितळतं, पुन्हा वापरात येतं. माझी आई म्हणायची, आपल्या हातात आलेल्या मेणात कितीजणांची दुखणी आधीच विरघळलेली आहेत कोण जाणे.

-----

तांबडी_माती
२८ ऑगस्ट, सायंकाळी ६.२०

गोव्याहून लिहितेय. डोंगरावरच्या प्रार्थनाघरांचा विषय निघाला म्हणून दोन आमचीही.

जुन्या गोव्यात मोन्तेचं कपेल आहे, तेही डोंगरावरच्या सायबिणीचं. मारिया मातेला आम्ही सायबीण म्हणतो. पोर्तुगिजांनी गोवा घेतल्यावर अगदी सुरुवातीच्या काळातलं. मुख्य चर्चांपाशी पर्यटकांची रीघ असते, इथवर फारसं कुणी येत नाही. वरून मांडवी, दिवाडी बेट, आणि झाडीतून डोकं काढणारे जुन्या गोव्याचे मनोरे. संध्याकाळी एकदा जाऊन बसा.

दुसरं कासावलीजवळ कुएलीच्या टेकडीवरचं, रेमेदियुश सायबिणीचं. तिथे ६ जानेवारीला तीन राजांचं फेस्त होतं. कासावली, आरोशी आणि कुएली, तीन गावांतून एकेक मुलगा राजा होतो. डोक्यावर मुकुट, अंगात मखमली झगा. तिघे घोड्यांवरून तीन वेगवेगळ्या वाटांनी डोंगर चढतात आणि वर देवळापाशी भेटतात. ज्या घरचा मुलगा राजा होतो त्या घरी वर्षभर आधीपासून तयारी असते. माझा चुलतभाऊ लहानपणी झाला होता. आता त्याला नातू आहे, तरी गावात त्याला अजून 'राजा' म्हणून हाक मारतात.

आणि ताई, हिंदू घरातून सायबिणीकडे जाण्यात नवल नाही. म्हापशाची मिलाग्र सायबीण आणि शिरगावची लईराई देवी या बहिणी, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. एकमेकींच्या उत्सवाला तेल आणि मोगरीची फुलं जातात. माझी काकू दोघींकडे जायची, आणि दोघींकडे एकच गाऱ्हाणं सांगायची.

-----

पडवळाचा_वेल
२९ ऑगस्ट, सकाळी ८.१५

आमचे शेजारी मंगळूरचे. ८ सप्टेंबरला त्यांच्याकडे मोंती फेस्त. त्यातलं मोंतीसुद्धा मोन्तेच, फरंगीपेठच्या मोन्ते मारियानो देवळावरून आलेलं. आधी नऊ दिवस मुलं फुलं घेऊन जातात आणि छोट्या मारियेच्या मूर्तीवर उधळतात. सणाच्या दिवशी भाताच्या नव्या लोंब्या आशीर्वाद देऊन घरोघर वाटतात. ते नवे दाणे सोलून दुधात घालून सगळ्या घरानं प्यायचे. त्या दिवशी जेवण पूर्ण शाकाहारी, केळीच्या पानावर.

आम्हालाही पान येतं. आमच्याकडून गौरीच्या भाज्या जातात. तारखा जवळ आल्या की दोन्ही स्वयंपाकघरांत अळू शिजत असतो.

-----

शेवंतीची_वेणी
२९ ऑगस्ट, रात्री ११.०५

दोन दिवस लिहू शकले नाही.

आईशी बोलले. २०१९ च्या जत्रेला आजीबरोबर आई गेली होती, मला हे माहीतच नव्हतं. आई म्हणाली, आजीनं खाली दुकानात नेहमीसारखी पावलांची जोडी घेतली, आणि मग हळूच हा पाय मागितला. आईनं विचारलं, हा कुणाचा, तर म्हणाली, "असू दे." वर रांगेत दीड तास उभी राहिली. माउलीपुढे पावलं ठेवली, हात जोडले. पाय पिशवीतच राहिला. उतरताना आईनं आठवण केली तेव्हा म्हणाली, "तिच्याकडे पोरीचं मागितलं ते तिनं दिलं. आता म्हातारीच्या गुडघ्यासाठी कशाला तिला त्रास."

कुडाळदेशकर, तुमचा राग अजिबात आला नाही, उलट तुमच्या प्रश्नामुळेच मी आईला विचारलं. पण हे ऐकल्यावर मला तो घरात ठेववणार नाही. पहिल्या रविवारी जाते.

-----

चिंबईकर
३० ऑगस्ट, सकाळी ६.५०

ताई, या. पहिल्या रविवारी गर्दी फार असते. पहाटे पाचच्या आत स्टेशनला उतरलात तर बरं. पावसाचं एक प्लास्टिक जवळ ठेवा आणि पाय मऊ कापडात गुंडाळून वेगळ्या डब्यात आणा, रेटारेटीत मेण मोडतं. गळ्यात काही घालू नका. आईंना आणणार असाल तर वयस्क माणसांना कुठून सोडतात ते स्वयंसेवकांना विचारा, आमची गावची पोरंच असतात तिथे.

-----

शेवंतीची_वेणी
जत्रेचा पहिला रविवार, रात्री ८.३०

जाऊन आलो. आई आणि मी.

चारला उठलो. दादरला गाडीत चढलो तेव्हा डब्यात आधीच हातात झेंडूचे हार घेतलेल्या बायका होत्या. वांद्र्याला पाऊस भुरभुरत होता. चिंबईकर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे शेवटचा चढ पायऱ्यांनी चढलो. आई दर पंधरा-वीस पायऱ्यांनी थांबत होती. एका वळणावर मागे बघितलं, समुद्र राखाडी होता आणि अंधारात दोन-तीन होड्यांचे दिवे.

दुकानांच्या रांगेत मी पावलांची जोडी घेतली. लहान, तळहातावर मावणारी. दुकानातल्या बाईंना डबा उघडून आजीचा पाय दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन उजेडात धरला, गुडघ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "जुना साचा आहे. असा आता नाही निघत." मी विचारलं, वाहिला तर चालेल ना. त्या म्हणाल्या, "तिला काय, नवाजुना. दे जा."

रांगेत आमच्या पुढे एक कोळीण होती, केसात अबोली, आणि मागे बुरखा घेतलेल्या दोघी बहिणी, त्यांच्या हातात मेणाचं बाळ. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. मराठी मिस्साचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. आत पोचायला पावणेदोन तास लागले. माउली माझ्या आठवणीपेक्षा लहान आहे, आणि जरीच्या झग्यात खूप शांत दिसते.

मी पावलं ठेवली. पाय आईच्या हातात दिला. मला वाटत होतं मीच वाहीन, पण ऐन वेळी वाटलं तो आईनं ठेवावा, ती सासूबरोबर तेव्हा आली होती. आईनं ठेवला आणि मोठ्यानं, अगदी आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "त्यांचा आहे हा. त्या बोलल्या नाहीत." बस, एवढंच.

बाहेर आजीच्या नावानं एक मेणबत्ती लावली. वाऱ्यानं दोनदा विझली. शेजारच्या अनोळखी मुलानं दोन्ही हातांचा आडोसा करून धरला तेव्हा लागली.

खाली येताना खाजे घेतले, आल्याचे आणि गुळाचे. वाडवळ_वसई, चणेही घेतले. खोताच्या वाडीतल्या त्या मावशींचं घर अजून आहे, त्यांची सून राहते. येताना तिच्याकडे अर्धा किलो पोचवला. तिनं दार उघडलं, पुडा बघितला आणि विचारलं, "जत्रेहून आलीस? यंदा कुणासाठी?"

-----

साचा_आणि_वात
जत्रेचा पहिला रविवार, रात्री ९.१५

ताई, ते दुकान चढाच्या उजव्या हाताला होतं का? निळी ताडपत्री?

-----

शेवंतीची_वेणी
जत्रेचा पहिला रविवार, रात्री ९.२०

हो. निळीच होती.

-----

साचा_आणि_वात
जत्रेचा पहिला रविवार, रात्री ९.२५

माझी वहिनी ती. उद्या मीही बसणार आहे तिथे. पुढच्या वर्षी आलात की चहा घेऊन जा.